सर्वांत मोठें एंजिन कोणतें?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुट्टींत इयत्ता आठवींतील एक विद्यार्थी आपली वही घेऊन माझ्याकडे आला. वहीच्या पानोपानीं त्यानें अमेरिकेंतील जुन्या वाफेच्या एंजिनांचीं चित्रें चिकटविलीं होतीं, आणि प्रत्येक चित्राखालीं लांबी, वजन, चाकांचा व्यास, वाफेचा दाब इत्यादि आंकडे सुवाच्य अक्षरांत मांडले होते. त्यानें विचारलें, "सर, ह्यांत सर्वांत मोठें एंजिन कोणतें?" मीं क्षणाचाहि विचार न करतां सांगितलें, "युनियन पॅसिफिक रेल्वेचें 'बिग बॉय'." त्यानें त्या नांवाखालीं दोन रेघा ओढल्या आणि तो समाधानानें निघून गेला. मी मात्र त्या दिवसापासून असमाधानी आहें.

माझें उत्तर खोटें होतें असें नाहीं. तें अपुरें होतें. केवळ एंजिनाचें वजन पाहिलें तर चेसापीक अँड ओहायो रेल्वेचें 'अ‍ॅलेघेनी' हें एंजिन बिग बॉयच्या तोडीस तोड ठरतें. ओढीचा जोर पाहिला तर ईरी रेल्वेचें तीन जोडांचें एंजिन त्याच्या पुढें जातें. डोक्यापासून शेपटापर्यंत लांबी मोजली तर पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या 'एस-१' ला पहिला मान द्यावा लागतो. मग मोठें कोण? माझें मत असें आहे कीं, आंकडा हें नेहमीं कोणत्या तरी प्रश्नाचें उत्तर असतें. आणि तो प्रश्न जोंवर आपल्याला ठाऊक नाहीं, तोंवर आंकडे पाठ करणें म्हणजे केवळ पोपटपंची होय. हें मत मी त्या विद्यार्थ्याच्या वहींतील एंजिनांच्याच साक्षीनें वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

प्रथम आंकड्यांची भाषा समजून घेऊं. अमेरिकन पद्धतींत एंजिनाचें वर्णन ४-४-० किंवा ४-८-८-४ असें करतात. पहिला आंकडा पुढील वाट दाखविणाऱ्या चाकांचा, मधला ओढणाऱ्या चाकांचा, आणि शेवटचा मागील आधाराच्या चाकांचा. ओढीचा जोर काढण्याची रीतहि सोपी आहे. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग घ्यावा. त्यास दट्ट्याच्या धावेच्या लांबीनें व वाफेच्या दाबानें गुणावें. आलेल्या गुणाकारास ओढणाऱ्या चाकांच्या व्यासानें भागावें. आणि बॉयलरांतील सर्व दाब दट्ट्यापर्यंत पोहोंचत नाहीं म्हणून उत्तराचे शेंकडा ८५ धरावे. हें दोन सिलिंडरांच्या एंजिनाचें गणित झालें. बिग बॉयला चार सिलिंडर होते, म्हणून त्याच्या बाबतींत उत्तराची दुप्पट करावी. सिलिंडरचा व्यास २३.७५ इंच, धाव ३२ इंच, दाब दर चौरस इंचास ३०० पौंड, चाकांचा व्यास ६८ इंच. विद्यार्थ्यांनीं हें गणित घरीं करून पाहावें. उत्तर १,३५,३७५ पौंड येईल. ह्या गणितांत चाकांचा व्यास भाजकाच्या जागीं आहे हें ध्यानांत ठेवावें. म्हणजे चाक जितकें मोठें तितकी ओढ कमी. उलट, एका फेऱ्यांत तें अधिक लांब जात असल्यामुळें वेग अधिक. वेग आणि ओढ हीं दोन्ही एकाच चाकापासून पुरेपूर मागतां येत नाहींत. एक वाढविलें कीं दुसरें घटतें.

आतां इतिहासाकडे वळूं. १८२९ सालीं इंग्लंडांतील स्टौरब्रिज येथें तयार झालेलें 'स्टौरब्रिज लायन' नांवाचें एंजिन अमेरिकेस नेण्यांत आलें. त्याच वर्षीं ८ ऑगस्ट रोजीं पेनसिल्व्हेनियांतील होन्सडेल गांवीं होरेशो अ‍ॅलन ह्या तरुण अभियंत्यानें तें एकट्यानें चालवून दाखविलें. एंजिन उत्तम चाललें. तथापि तें नेमानें कामास कधींच लागलें नाहीं. तेथील रूळ लांकडाचे असून त्यांवर लोखंडाची पट्टी ठोकलेली होती. एंजिन सुमारे ४ टन वजनाचें असेल ह्या अपेक्षेनें मार्ग बांधला होता, आणि प्रत्यक्ष वजन भरलें सुमारे साडेसात टन. एंजिनांत कांहीं दोष नव्हता. त्याच्या पायाखालची वाट त्याच्यासाठीं केलेली नव्हती. सिंह आला, पण त्याला उभें राहावयास जमीन मिळाली नाहीं.

ह्या अनुभवापासून अमेरिकन कारागीर फार मोठा धडा शिकले. इंग्लंडांत भांडवल मुबलक होतें. तेथें डोंगर फोडून, भराव घालून मार्ग सरळ व भक्कम करीत. अमेरिकेंत अंतरें अफाट व पैसा थोडा. म्हणून मार्ग घाईनें टाकलेले, वळणांचे आणि ओबडधोबड असत. मार्ग बदलतां येत नसेल तर एंजिन बदलावें, असें तेथील लोकांनीं ठरविलें. १८३१ सालीं न्यू जर्सींतील कॅम्डेन अँड अँबॉय रेल्वेसाठीं इंग्लंडहून आलेल्या 'जॉन बुल' एंजिनास आयझॅक ड्रिप्स ह्या तरुण कारागिरानें पुढें वाट दाखविणारीं दोन चाकें जोडलीं. १८३२ सालीं जॉन जर्विस ह्यांनीं एंजिनाच्या पुढील भागाखालीं स्वतंत्रपणें वळणारी चार चाकांची गाडी बसविली. १८३६ मध्यें फिलाडेल्फियाच्या हेन्री कॅम्बेल ह्यांनीं ४-४-० ह्या रचनेचा हक्क नोंदविला; आणि लवकरच जोसेफ हॅरिसन ह्यांनीं तराजूच्या दांडीप्रमाणें चाकांवरील भार सारखा वांटणारी योजना त्यांत घातली. तीन पायांची घडवंची जशी उंचसखल जमिनीवरहि न डगमगतां उभी राहते, तसें हें एंजिन वांकड्यातिकड्या रुळांवरहि टिकून चाले. जगांत ह्या घडणीला 'अमेरिकन' असेंच नांव पडलें.

१० मे १८६९ रोजीं यूटा प्रांतांत प्रॉमंटरी येथें पूर्वेकडून व पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग जोडले गेले, तेव्हां समोरासमोर उभीं राहिलेलीं दोन्ही एंजिनें ह्याच ४-४-० घडणीचीं होतीं. सेंट्रल पॅसिफिकचें 'ज्युपिटर' लांकूड जाळी, तर युनियन पॅसिफिकचें '११९' क्रमांकाचें एंजिन कोळसा जाळी. ज्युपिटरचें धुराडें पसरट होतें तें शोभेसाठीं नव्हे. लांकडाच्या ठिणग्या उडून रानास व शेतास आग लागूं नये म्हणून त्यांत ठिणग्या अडविण्याची सोय केलेली होती. दुसऱ्या एंजिनाचें धुराडें सरळ होतें. धुराड्याचा आकार पाहून कोणतें जळण वापरीत हें ओळखतां येत असे. पाहणाऱ्यानें मात्र 'असें कां?' हा प्रश्न विचारला पाहिजे. आणखी एक गोष्ट येथेंच सांगणें अवश्य आहे. सिएरा नेव्हाडाचे कठीण खडक फोडून पश्चिमेकडील मार्ग ज्यांनीं केला, ते बहुतेक मजूर चीन देशांतून आलेले होते. त्यांची संख्या १०,००० वर होती. एंजिनांचीं नांवें आपण पाठ करतों; परंतु ज्या मार्गावांचून तीं निरुपयोगी ठरलीं असतीं, तो मार्ग करणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव आपल्या वहींत नसतें.

वाफेच्या दाबाचा आंकडाहि मुलांस फार आवडतो. त्याविषयीं १८३१ सालची एक दुःखद हकीकत सांगतों. दक्षिण कॅरोलायनामध्यें 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नांवाचें एंजिन १८३० च्या नाताळच्या दिवसापासून उतारूंच्या गाड्या ओढूं लागलें होतें. १७ जून १८३१ रोजीं त्यावरील फायरमनला झडपेंतून सुटणाऱ्या वाफेचा फुसफुस आवाज असह्य झाला, म्हणून त्यानें ती झडपच दाबून बंद केली. बॉयलर फुटला, आणि त्यांत त्या फायरमनचा प्राण गेला. पुढें उतारूंचें भय घालविण्यासाठीं कंपनीनें एंजिन व डबे ह्यांच्या मधोमध कापसाचे गठ्ठे रचलेला एक डबा जोडण्यास सुरुवात केली. जी झडप त्रास देत आहे असें त्या बिचाऱ्यास वाटलें, तीच त्याची राखणदार होती. दाब किती आहे ह्यापेक्षां तो दाब आंवरणारें कोण आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

आतां वेगाकडे पाहूं. १८९३ सालीं न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेनें '९९९' क्रमांकाचें ४-४-० एंजिन बांधलें. त्याचीं ओढणारीं चाकें ८६ इंच व्यासाचीं, म्हणजे सात फुटांहूनहि उंच होतीं. त्याच वर्षीं १० मे रोजीं त्यानें ताशीं ११२.५ मैलांचा वेग गांठला असें जाहीर झालें. अनेक अभ्यासक ह्या आंकड्यावर विश्वास ठेवीत नाहींत. तरी तें एंजिन अत्यंत वेगवान् होतें ह्यांत संशय नाहीं. परंतु काळ बदलला, गाड्या जड झाल्या, आणि उंच चाकांची ओढ अपुरी पडूं लागली; तेव्हां तीं चाकें काढून ७० इंची चाकें बसवावीं लागलीं.

ह्याच्या अगदीं उलट उदाहरण मिशिगनमधील लांकूडव्यापारी एफ्राइम शे ह्यांच्या एंजिनाचें. रानांतील ओंडके बाहेर काढणें हा त्यांचा धंदा. रानांतील मार्ग चढउतारांचे, तीव्र वळणांचे आणि आज येथें तर उद्यां तेथें टाकावयाचे. शे ह्यांनीं सिलिंडर बॉयलरच्या एका बाजूस उभे बसविले, आणि लांब दांडा व दांतेरी चाकें ह्यांच्या योगें एंजिनाच्या सर्व चाकांस गति दिली. १८८१ सालीं त्यांनीं ह्या रचनेचा हक्क मिळविला. हें एंजिन दिसावयास ओबडधोबड, चालावयास मंद. परंतु जेथें इतर एंजिनांचीं चाकें जागच्या जागीं घसरत, तेथें तें ओंडक्यांचे डबे घेऊन निमूटपणें चढून जाई. लायमा येथील कारखान्यानें अशीं २,७०० हून अधिक एंजिनें बांधलीं. '९९९' चें चित्र प्रत्येक पुस्तकांत असतें. शे ह्यांच्या एंजिनाचें क्वचित् सांपडतें. पण रानांतल्या त्या चढावर '९९९' ला नेऊन उभें केलें असतें, तर त्याची काय गत झाली असती?

नुसत्या मोठेपणाच्या हौसेचें फळ काय होतें, हें ईरी रेल्वेच्या एंजिनानें १९१४ सालीं दाखवून दिलें. २-८-८-८-२ अशी त्याची रचना. ओढणारीं चाकें चोवीस, आणि त्यांपैकीं आठ तर कोळसापाण्याच्या टेंडरखालीं. ओढीचा जोर १,६०,००० पौंड! कागदावर ह्या आंकड्यास तोड नव्हती. परंतु सहा सिलिंडरांस पुरेल इतकी वाफ एकच बॉयलर कोठून करणार? शिवाय एरव्हीं वापरलेली वाफ धुराड्यांतून जोरानें बाहेर पडते, तेव्हां ती भट्टींत हवा खेंचते व विस्तव फुलवते. येथें तर निम्मी वाफ टेंडरच्या मागील नळींतून वायां जाई. आणि टेंडरमधील कोळसापाणी संपत आलें कीं मागील चाकांवरील भार घटून त्यांची पकडहि सैल होई. फलतः हें राक्षसी एंजिन चढावर मागून गाड्या ढकलण्याचें काम सावकाश करीत राहिलें. त्याचे बाहू भीमाचे होते, पण छाती अपुरी होती.

ह्या चुकीचा परिहार लायमा कारखान्याचे विल्यम वुडर्ड ह्यांनीं केला. त्यांनीं बाहूंपूर्वीं छातीचा विचार केला. भट्टीची जाळी १०० चौरस फूट केली, तिचा भार पेलण्यासाठीं मागें दोनऐवजीं चार चाकें घातलीं, आणि २-८-४ रचनेचें एंजिन १९२५ सालीं मॅसॅच्युसेट्समधील बर्कशायर डोंगरांत परीक्षेस उभें केलें. त्यानें दुसऱ्या एका एंजिनाच्या मागून निघून, अधिक जड गाडी ओढीत, त्याच्या आधीं मुक्काम गांठला. गाडी जागेवरून हलविणें ही एक शक्ति, व ती वेगानें तासन् तास नेत राहणें ही दुसरी. आणि ही दुसरी शक्ति भट्टींतून येते.

पेनसिल्व्हेनिया रेल्वेचें 'एस-१' तर १४० फूट लांबीचें. १९३९ सालच्या न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत तें लोकांनीं डोळे भरून पाहिलें. परंतु इतकें लांब एंजिन बहुतेक वळणांवरून जाईना, म्हणून शिकागो व क्रेस्टलाइन ह्या दोन ठिकाणांमध्येंच त्याची ये-जा मर्यादित राहिली. आणि १९४९ सालीं तें मोडींत निघालें. स्टौरब्रिज लायनची चूक ११० वर्षांनंतर पुन्हां घडली, इतकेंच म्हणावयाचें.

तर मग बिग बॉयची योग्यता कशांत? मी म्हणतों, त्याच्या आकारांत नव्हे. त्याच्या प्रत्येक आंकड्यामागें एक विचारपूर्वक दिलेलें उत्तर आहे ह्यांत. यूटामधील ऑग्डेनपासून वायोमिंगकडे जातांना वासाच डोंगराचा चढ लागतो. हा चढ सुमारे ८८ फुटांस १ फूट. आपला बोरघाट ३७ फुटांस १ फूट चढतो, तेव्हां त्या मानानें हा चढ सौम्यच. मग इतकें मोठें एंजिन कशास हवें होतें? तर ३,६०० टनांची मालगाडी दुसऱ्या एंजिनाच्या मदतीवांचून ह्या चढावरून न्यावयाची होती. वायोमिंगचा कोळसा हलक्या प्रतीचा, म्हणून भट्टीची जाळी १५० चौरस फुटांची केली. एवढी भट्टी माणसाच्या फावड्यानें भरणें शक्य नव्हतें, म्हणून कोळसा आंत लोटणारें यंत्र बसविलें. सपाटीवर वेगहि हवा होता, म्हणून चाकें ६८ इंचांचीं घेतलीं. वळणांवर अडूं नये म्हणून पुढील भाग मागील भागाशीं सांध्यानें जोडला. आणि मार्गाचा विसर पडूं दिला नाहीं: कांहीं वळणें सुधारलीं, भारी रूळ घातले, एंजिन फिरविण्याचीं चक्रें लांब करून घेतलीं. १९४१ ते १९४४ ह्या काळांत अशीं २५ एंजिनें स्केनेक्टडी येथें तयार झालीं, आणि १९५९ पर्यंत त्यांनीं आपलें काम चोख बजाविलें. त्यांपैकीं ४०१४ क्रमांकाचें एंजिन दुरुस्त होऊन २०१९ सालीं पुन्हां रुळांवर धावलें; आतां तें कोळशाऐवजीं तेल जाळतें.

हाच विचार पुढें आपल्या देशांतहि उपयोगी पडला. १९४७ सालीं फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याकडून भारतांत 'डब्ल्यू.पी.' वर्गाचीं १६ नमुन्याचीं एंजिनें आलीं. त्यांची रचना ४-६-२. चाकें ६७ इंचांचीं. आणि आपल्या कोळशांत राख फार, म्हणून भट्टीची जाळी प्रशस्त. अमेरिकेंतील थोर एंजिनाची हुबेहूब नक्कल त्यांत नव्हती. येथील कोळसा व येथील मार्ग विचारांत घेऊनच तीं घडविलेलीं होतीं, आणि म्हणूनच त्या वर्गानें अनेक दशकें आपल्या मेलगाड्या ओढल्या. विद्यार्थ्यांच्या आजोबांना तीं टोंकदार नाकाचीं एंजिनें अवश्य आठवत असतील.

कोणी म्हणतील, "मास्तर, मुलांना मोठे आंकडे आवडतात, त्यांची मौज कशाला हिरावून घेतां?" हा आक्षेप मला कांहीं अंशीं मान्य आहे. कुतूहलाचा आरंभ पुष्कळदां 'सर्वांत मोठें', 'सर्वांत वेगवान्' ह्या शब्दांनींच होतो, आणि तसा तो व्हावा. माझें म्हणणें इतकेंच कीं, शेवटहि तेथेंच होऊं नये. आणि हें मी केवळ मुलांना सांगत नाहीं. गुणपत्रिका हातीं पडली कीं आम्ही शिक्षक व आपण पालक प्रथम कोणता आंकडा पाहतों? वर्गांत कितवा आला, हाच ना? मुलाला कोणता चढ चढावयाचा होता, त्याच्या भट्टींत कोणतें जळण होतें, त्याच्या पायाखालीं रूळ कसे होते, हें आपण विचारतों काय? वर्गांत कांहीं मुलें '९९९' सारखीं असतात, तर कांहीं शे ह्यांच्या एंजिनासारखीं. दोघांसहि एकाच फूटपट्टीनें मोजलें तर अन्याय कोणावर होतो, हें सांगावयास नको.

असो. परवां तो विद्यार्थी पुन्हां भेटला. मीं त्याला माझें अपुरें उत्तर परत घेत असल्याचें सांगितलें, आणि वरील हकीकत थोडक्यांत ऐकविली. तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें वही आणून दाखविली. बिग बॉयच्या नांवाखालच्या दोन रेघा तशाच होत्या. परंतु प्रत्येक पानावर लांबी, वजन, व्यास, दाब ह्यांच्या पुढें पेन्सिलीनें एक नवा रकाना आंखलेला होता. त्याचा मथळा होता: 'कोणत्या कामासाठीं?' पुष्कळ ठिकाणीं तो रकाना अजून रिकामा होता.